‘रात्र’ या शब्दाचे दोन अर्थ

‘रात्र’ हा शब्द संगीतशास्त्रात आणि विधिनियमात एकाच अर्थाने येत नाही. संगीतात रात्रीचे चार प्रहर. मालकंस मध्यरात्रीनंतरचा, ललत अंतिम प्रहराचा. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत मात्र रात्र म्हणजे 10 ते 6 हा एकसंध काळ. त्यात उघड्या जागी ध्वनिवर्धक निषिद्ध. याचा परिणाम पुणेकरांस सांगावयास नको. भीमसेन जोशी यांनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ आरंभिलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात एके काळी पहाटेपर्यंत गायन चाले.

पुढे 2002 साली सवलत आली : सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी, वर्षातून फार तर 15 दिवस, मध्यरात्रीपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ती ग्राह्य धरली. राजकारण सुरू होते ते येथे. या दिवसांच्या वाटपात गणेशोत्सव, नवरात्र यांमागे मंडळे आहेत, मते आहेत. ख्यालाच्या श्रोत्यांस मतदारसंघ नाही. (शेजारच्या रुग्णाची झोप हाही हक्कच होय, हे आम्हां रसिकांस सहसा आठवत नाही.) बंदिस्त सभागृहांतील ध्वनिवर्धकास नियमात मुळातच मुभा आहे. तेव्हा दरवर्षी सवलतीसाठी अर्ज करीत बसण्यापेक्षा रात्रभर उघडी राहणारी ध्वनिरोधक सभागृहे महापालिकेकडे मागणे अधिक सयुक्तिक. तोवर उघड्या मंडपातला मालकंस बाराच्या आत आटोपावयाचा.