परसातले गोदाम : भिंत उसनी घेऊ नका

सोयाबीनची आवक सुरू झाली की मोंढ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही आणि आमच्या व्यापारी बांधवांची नजर घरामागच्या मोकळ्या परसाकडे वळते. कळंबचा आडत्या असो, उमरग्याचा फर्निचरवाला असो, धाराशिवचा (उस्मानाबादचा) गादीवाला असो की परंड्याचा हार्डवेअर दुकानदार; सर्वांच्या तोंडी एकच वाक्य असते, ‘मागे चार पत्रे टाकून घेतो.’ वाक्य सोपे आहे. पण त्या चार पत्र्यांखाली वर्षभराचे भांडवल झोपणार असते आणि पुष्कळदा दुकानावरचा पोऱ्याही तिथेच झोपतो. म्हणून या कामाचा थोडा खोलात विचार करणे आम्हाला आवश्यक वाटते.

शेड बांधताना पहिली काटकसर कुठे होते, ते सर्वांना माहीत आहे. घराची मागची भिंत उभी असतेच. तिलाच पत्रे टेकवले की एक भिंत वाचली, दोन खांब वाचले. आमचे सांगणे नेमके याच्या उलट आहे. गोदामाने स्वतःच्या पायावर उभे राहावे. घराची भिंत उसनी घेऊ नये. याची कारणे तीन आहेत.

भूकंपाचा धडा

पहिले कारण आपल्या जिल्ह्याला कोणी नव्याने सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आजच्या उमरगा आणि लोहारा तालुक्यांतली गावे आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातली औसा-निलंगा भागातली गावे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे दगावली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. धक्का मोठा होता हे खरेच, पण जीव घेतला तो मुख्यतः घरांच्या बांधणीने. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींत न गुंतलेली, आणि वर फूट-दोन फूट मातीचे माळवद. हादऱ्याने भिंतीच्या दोन्ही बाजू सुटल्या आणि वरचे ओझे खाली आले. काही ठिकाणी भिंती ढासळूनही आतला लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. छप्पर हलके आणि सांगाडा एकजीव असेल तर माणूस वाचतो, हा त्या पहाटेचा धडा आहे. भूकंपाच्या वेळी हा पट्टा सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात होता. भारतीय मानक संस्थेच्या २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला.

आजही अनेक गावांत जुन्या दगडी भिंती आणि माळवदे शिल्लक आहेत. अशा भिंतीला भोके पाडून नव्या शेडचे अँगल खुपसले की दोन्ही बांधकामे एकमेकांच्या जिवावर उठतात. वाऱ्याने शेड हलते आणि भिंत खिळखिळी करते. भिंत पडली तर शेड घेऊनच पडते.

विषारी हवा आणि आग

दुसरे कारण गोळ्यांचे. आपल्याकडे पूर्वी धान्य पेवात ठेवत. पेव उघडल्यावर जुनी माणसे त्याचे तोंड बराच वेळ मोकळे ठेवत आणि कंदील खाली सोडून पाहिल्याशिवाय कोणाला उतरू देत नसत. कोंडलेल्या हवेचे भय आपल्या आजोबांना ठाऊक होते. आपण मात्र किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पोत्यांत टाकतो, दार लावतो आणि भिंतीपलीकडच्या खोलीत मुलाबाळांसह झोपतो. हवेतल्या ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फिन नावाचा जीवघेणा वायू सुटतो. भेगांतून, पत्र्याच्या फटींतून तो शेजारच्या खोलीत शिरतो, आणि वास आला तरच धोका असे समजण्यात अर्थ नाही. अशा प्रकारे घरेच्या घरे झोपेत संपल्याच्या बातम्या देशभरातून येत असतात. या गोळ्या सरकारमान्य जाणकाराच्या हातूनच वापरायच्या असतात आणि राहत्या घराला लागून असलेल्या जागेत तर कधीच नाही.

तिसरे कारण आगीचे. गादीवाल्याचा कापूस, सुताराचा भुसा आणि पॉलिश, शिंप्याच्या चिंध्या, आडत्याचा बारदाना. एक ठिणगी पुरते. मधे पाच-सहा फुटांची मोकळी बोळ असली तर आग घरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि पाण्याची बादली घेऊन मागे जाता येते.

किती मोठी शेड?

आता मापाकडे वळू. समजा, आपण १२ बाय १५ फुटांची शेड बांधली. क्षेत्रफळ झाले १८० चौरस फूट. पण ओल आणि उंदीर यांपासून बचावासाठी थप्पी भिंतीपासून दोन फूट दूर हवी. हमालाला फिरायला आणि माल तपासायला तोच रस्ता. चारी बाजूंनी दोन-दोन फूट सोडले की उरले ८ बाय ११, म्हणजे ८८ चौरस फूट. निम्म्याहूनही कमी! ५० किलोच्या एका आडव्या कट्ट्याला सुमारे सहा चौरस फूट जागा धरली, तर एका थरात १४ कट्टे बसतात. आठ थर लावले तर ११२ कट्टे, म्हणजे ५६ क्विंटल. तेव्हा मिस्त्रीला बोलावण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा. दुसरी गोष्ट, एवढे ओझे जमिनीवर येणार असेल तर नुसती सारवलेली जमीन चालत नाही. मुरूम ठोकून, त्यावर खडी घालून काँक्रीटची फरशी हवी.

पाया, सांगाडा, पत्रा

आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वरवर उभा केलेला खांब एका वर्षात कलतो. म्हणून खांबांचे खड्डे मुरूम लागेपर्यंत खणावेत. माती फार खोल असेल तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे पाइल विकसित केले आहेत. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान दीड-दोन फूट उंच ठेवावे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम-परंडा भागात पाणी गावांत शिरले, ते आपण विसरलेलो नाही. गेल्या पुराचे पाणी आपल्या परसात कुठवर आले होते, ते शेजाऱ्यांना विचारून जोत्याची उंची ठरवावी.

सांगाडा लोखंडी पाइपचा किंवा अँगलचा. खांब आणि कैची वेल्डिंगने नीट जोडून घ्यावी आणि निदान दोन बाजूंना तिरपे अँगल फुलीसारखे लावून घ्यावेत. वेल्डर ‘त्याची गरज नाही’ म्हणेल. पण आडव्या धक्क्यात शेडला मोडू न देणारी तीच गोष्ट आहे. भिंती विटांच्या करायच्या असतील तर कमरेइतक्या उंच विटा आणि वर पत्रा, ही रीत स्वस्त आणि सुरक्षित पडते. पूर्ण उंचीची भिंत हवीच असेल तर दाराच्या वरून चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा फिरवावा.

वळवाच्या वादळात पत्रे उडतात म्हणून लोक वर दगड ठेवतात. ही सवय सोडावी. वाऱ्यात पत्रा उडालाच तर दगडासह उडतो आणि भूकंपात तोच दगड डोक्यात पडतो. दगडाचे काम हुक-बोल्ट आणि वॉशरने करायचे असते. पत्र्याच्या कडेच्या रांगेत ते दाट लावावेत, कारण वारा कडेपासूनच पत्रा उचलतो. एका पत्र्यावर दुसरा निदान सहा इंच चढवावा आणि उतार पुरेसा ठेवावा. पाखे घराच्या भिंतीकडे उतरवू नये. पन्हळ लावून पाणी दूर सोडावे. उंदरांसाठी दाराखाली पत्र्याची पट्टी आणि वरच्या झरोक्यांना बारीक जाळी हवी. झरोके समोरासमोर असले की हवा खेळती राहते.

माल कसा ठेवावा

पोती जमिनीला टेकवू नयेत. खाली लाकडी फळ्या किंवा ओंडके टाकावेत. ओला माल आत घेऊ नये. सोयाबीन १२ टक्क्यांच्या वर ओले असले तर तापते आणि बुरशी धरते. बियाण्याच्या सोयाबीनची थप्पी ठेंगणीच ठेवावी, कारण त्याचे साल नाजूक असते. सिमेंटच्या थप्पीत दहापेक्षा जास्त पोती नकोत, आणि आधी आलेले पोते आधी विकावे. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद घटते. विजेची तार पाइपमधून न्यावी आणि मेन स्विच दाराबाहेर ठेवावा.

मालाची वही दाराशीच टांगलेली असू द्यावी. जकातीचा हिशेब काढताना विक्रीचा माल मोजावा लागतो, शेड नव्हे. तेव्हा मांडणी नीट असेल तर ते काम एका दुपारी उरकते. गिऱ्हाइकाचे दुरुस्तीला आलेले कपाट, भरायला आलेली गादी ही अमानत आहे. तिची जागा आणि नोंद वेगळी ठेवावी. मालाचा विमा काढताना या शेडचा पत्ता कागदावर आला आहे ना, ते आवर्जून पाहावे; पॉलिसीत फक्त दुकानाचा पत्ता असला तर नुकसानीच्या वेळी वाद उभा राहतो. बांधण्यापूर्वी ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेची परवानगी घ्यावी.

ज्यांचे परस इतके लहान आहे की बोळ सोडली तर शेडच उरत नाही, त्यांनी काय करावे? त्यांनी भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, स्वतःच्या चार खांबांवर छोटी शेड उभी करावी आणि तीत फक्त भांडी, अवजारे, लोखंडी सामान ठेवावे. धान्यासाठी राज्य वखार महामंडळाची गोदामे आहेत. भाडे पडते, पण तिथली पावती बँकेत तारण ठेवता येते, आणि गोळ्यांची जबाबदारी जाणकारांवर राहते.

उसन्या भिंतीने एका बाजूच्या खांबांचे पैसे वाचतात. ते पैसे वाचवण्याआधी त्या भिंतीपलीकडे रात्री कोण झोपते, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे, ही आमची विनंती.