फुल्या कशावर मारायच्या?

ब्रिटनच्या संसदेतल्या गुप्तचर आणि सुरक्षा समितीचा अहवाल उघडला, की मजकुरात मध्येच तीन फुल्या दिसतात. आपल्याकडे शिवी छापताना मारतात, तशाच. तिथे त्यांच्यामागे एखादं नाव, आकडा किंवा कामाची पद्धत दडलेली असते. बाकीचं सगळं मात्र लोकांना वाचता येतं.

ही समिती १९९४च्या कायद्याने आली, २०१३च्या कायद्याने तिचे अधिकार वाढले. दोन्ही सभागृहांतले मिळून नऊ सदस्य, मंत्र्यांना मज्जाव, गोपनीयतेचं बंधन सगळ्यांना. एमआय५, एमआय६ आणि जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थांचा खर्च, कारभार आणि धोरणं त्यांनी तपासायची. मेख एवढीच, की सदस्यांची नावं पंतप्रधान सुचवतात आणि अहवालही आधी त्यांच्याकडेच जातो.

ही मेख किती खोल आहे, ते २०१९मध्ये कळलं. रशियाच्या कारवायांवरचा अहवाल १७ ऑक्टोबरला तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याकडे गेला. डिसेंबरची निवडणूक उरकली, तरी तो बाहेर आला नाही. नवी समिती बसायला जुलै २०२० उजाडला. अध्यक्ष म्हणून सरकारच्या मनात होते ख्रिस ग्रेलिंग. सत्ताधारी पाच, विरोधी चार. हिशेब सोपा होता. पण सत्ताधाऱ्यांपैकीच ज्युलियन लुईस यांनी विरोधकांच्या चार मतांत स्वतःचं एक मिळवलं आणि अध्यक्षपद पटकावलं. त्याच दिवशी पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढलं. सहा दिवसांनी, २१ जुलैला, अहवाल प्रसिद्ध झाला.

फुल्या त्यातही होत्या. पण सरकारला झोंबणारी गोष्ट उघड्या अक्षरांत होती: २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतात रशियाने ढवळाढवळ केली का, हे शोधण्याची तसदीच कुणी घेतली नव्हती. ते गुपित नव्हतं. तो हलगर्जीपणा होता. फुली गुपितावर मारायची, हलगर्जीपणावर नव्हे, एवढ्यासाठीच बाहेरचा डोळा लागतो.

आपल्याकडे फुल्याही नाहीत, कारण असा अहवालच नाही. आयबी ब्रिटिश अमदानीतली, रॉ १९६८ची; दोन्हींची स्थापना संसदेच्या कायद्याने झालेली नाही. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप वगळता दोन्ही माहिती अधिकाराच्या बाहेर. केंद्रात फोन टॅपिंगचा हुकूम गृहसचिवांचा. तो तपासणाऱ्या समितीतही सचिवच. खासदार मनीष तिवारी यांनी २०११मध्ये देखरेखीसाठी खासगी विधेयक आणलं. त्याचा कायदा झाला नाही.

लुईस यांचं एक मत पुरेसं ठरलं. पण ते द्यायला आधी समिती होती.