लातूरच्या पोराला कॉन्स्टिट्यूशन जास्त का?

आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या गटात निम्मे नांदेडचे, निम्मे लातूरचे. माझं घर नांदेडला, आजोळ लातूरला. म्हणून डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरची, खुर्ची आणि दोन्हीकडच्या शिव्या माझ्याकडे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली आणलेला हा खेळ फासे आणि पेन्सिलीवर चालायचा. आता पात्राचा कागद फाउंड्री नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, बेरजा तेच करतं. पडद्यावर राक्षस दिसतो. भांडणं बेरजांवरून होतात.

२०२४ च्या नियमपुस्तकाने क्षमतांचे वाढीव गुण पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले. एका क्षमतेला २ आणि दुसरीला १, नाहीतर तीन क्षमतांना एकेक. यातून २० च्या वर जायचं नाही. आमच्या लातूरकराने लगेच स्वतःचं पूर्वायुष्य तयार केलं: 'जलदूतचं पाणी प्यालेला'. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला 'जलदूत' रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. एवढं सोसलेल्याला कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा, २ ने जास्त पाहिजेच, हा त्याचा दावा. नांदेडकर उसळला, "अन् आम्ही काय लेचेपेचे का रे? गोदावरी हाय म्हणून?"

दावा मी मान्य केला. फाउंड्रीत पात्राचे आकडे बदलणाऱ्या इफेक्टच्या खिडकीत 'सिस्टिम डॉट अॅबिलिटीज डॉट कॉन डॉट व्हॅल्यू' हा पत्ता, मोड 'अॅड', किंमत २. काम झालं. मूळचे १५ जागच्या जागी राहतात, खेळताना १७ दिसतात.

मग त्याला 'अॅम्युलेट ऑफ हेल्थ' सापडलं. हा ताईत गळ्यात असेपर्यंत कॉन्स्टिट्यूशन १९. आधीच १९ किंवा जास्त असेल तर उपयोग शून्य. यासाठी मोड 'अपग्रेड'. फाउंड्रीत प्रत्येक मोडला, आपण बदलला नाही तर, ठरलेला क्रम म्हणजे प्रायॉरिटी असते: अॅड २० वर, अपग्रेड ४० वर, लहान आकडा आधी. म्हणजे १५ चे १७, मग १९. त्याला हवे होते १९ अधिक २, एकवीस.

"बोर्डात काय करतात?" नांदेडकराने विचारलं. इथे आमच्या भागाला शिकवणी लागत नाही. दहावीला बेस्ट फाइव्हची बेरीज आधी, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या अ श्रेणीचे ७ नंतर. ४९३ वाल्याचे ५०० होतात. २०२५ मध्ये राज्यात २११ जणांना शंभर टक्के पडले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागाचे, म्हणजे लातूर, नांदेड, धाराशिवचे. लातूरकर खूश: "बघा, वाढीव गुण शेवटीच!" नांदेडकर म्हणाला, "पण ५०७ देतात का?"

निकाल १९ चा लागला. आठवी पातळी आली तेव्हा लातूरकर गड्याचे हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, हिशोबापेक्षा बरोबर ८ ने जास्त. कॉन्स्टिट्यूशन १९ ला ४ चा फायदा, २१ ला ५ चा; प्रत्येक पातळीमागे एक, आठ पातळ्यांचे आठ. इफेक्ट उघडून बघितला तर 'अॅड'च्या प्रायॉरिटीत गुपचूप ५० टाकलेले. हुशारी मला आवडली. आकडा मात्र पुन्हा २० केला, आणि इफेक्ट बदलायची परवानगी खेळाडूंकडून काढून घेतली.

नांदेडकराने आता स्वतःचं पूर्वायुष्य पाठवलंय: 'जायकवाडीचं पाणी कधी सुटतंय याची वाट बघणारा'. विस्डम २, कॉन्स्टिट्यूशन १. लातूरकराची हरकत फक्त त्या १ ला आहे.