मागचा ॲक्सल धरतो कोण? (घरगुती हॉट रॉडच्या सस्पेन्शनची गोष्ट)

होटगी जंक्शनवर गाडीची वाट बघत उभे असाल, तर पुढच्या वेळी एक काम करा. समोर आयसीएफचा जुना डबा थांबला की खिडक्यांकडे नको, खाली बोगीकडे बघा. जाडजूड कॉइल स्प्रिंगा दिसतील. डब्याचं वजन त्या पेलतात. पण गाडी सुटताना आणि ब्रेक लागताना जी ओढाताण होते, ती स्प्रिंगांवर टाकलेली नसते. तिच्यासाठी अँकर लिंक नावाचे वेगळे दांडे असतात. वजन पेलणारा वेगळा, जागेवर धरणारा वेगळा. ही विभागणी डोक्यात बसली की मागच्या सस्पेन्शनचं अर्धं गणित सुटलं म्हणून समजा. मेकॅनिकलवाल्यांसाठी हा लेख आहेच, पण सिव्हिल आणि कॉम्प्युटरच्या मंडळींनीही पान उलटू नये. बेरीज, भागाकार आणि वर्गमूळ एवढंच लागणार आहे.

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी मोडून, हलकी करून, दमदार इंजिन बसवून घरीच बांधलेली गाडी. हा नाद अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला. 1932 च्या फोर्डवर तिथल्या पोरांचा विशेष जीव. आपल्याकडे हा शब्द नवा असला तरी खाज जुनी आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि 2022 च्या जानेवारीत त्या जीपच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. पण ही गाडी नियमात बसत नाही, हेही महिंद्रांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. त्या मुद्द्याकडे शेवटी येऊ.

कमान पाटे का नकोत?

जीपच्या मागे लीफ स्प्रिंग असते, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत कमान पाटे. स्वस्त आणि मजबूत. पण पाटे दोन्ही कामं एकटेच करतात. वजनही पेलायचं आणि ॲक्सलही धरायचा. हलक्या गाडीत ताकदवान इंजिन टाकून क्लच सोडला की ॲक्सल उलटा पिळतो, पाट्याचा आकार इंग्रजी ‘एस’सारखा होतो आणि चाक जमिनीवर टपाटपा उड्या मारतं. म्हणून कॉइल स्प्रिंग वापरून ॲक्सल दांड्यांनी धरायचा.

दांडे किती?

मोकळ्या ॲक्सलला हालचालीच्या सहा वाटा असतात. त्यातल्या दोनच आपल्याला हव्यात: वर-खाली होणं आणि एका बाजूला कलणं. उरलेल्या चार बंद करायला चार दांडे पुरतात. खाली दोन लांब दांडे, वर मधोमध एक, आणि आडवा एक, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. याहून जास्त दांडे लावले आणि त्यांचे कोन जुळले नाहीत, तर गाडी कलताना ते एकमेकांशी भांडतात. मग बुश फाटतात, नाहीतर ब्रॅकेट.

पॅनहार्ड रॉड जमेल तेवढा लांब आणि आडवा ठेवा. 300 मिमीचा दांडा असेल आणि चाक 50 मिमी वर गेलं, तर ॲक्सल बाजूला सुमारे 4.2 मिमी सरकतो. तोच दांडा 700 मिमीचा केला की हे सरकणं 1.8 मिमीवर येतं.

स्प्रिंग केवढी?

समजा गाडी 800 किलोची, त्यातले 440 किलो मागे. ॲक्सल, चाकं वगैरे 100 किलो वजा केले, तर स्प्रिंगांवर 340, म्हणजे प्रत्येकी 170 किलो. गाडीने सेकंदाला साधारण दीड झोका घ्यावा असं ठरवू. आता एक सोपं सूत्र पाठ करा: 5 ला स्प्रिंगच्या दबण्याच्या (सेंटिमीटरमध्ये) वर्गमूळाने भागलं की झोके मिळतात. दीड झोक्यासाठी दबणं येतं सुमारे 11 सेंमी. 170 किलोला 11 सेंमी, म्हणजे चाकापाशी सुमारे 15 न्यूटन प्रति मिमी. माणसं आणि सामान मिळून प्रत्येक चाकावर आणखी 60 किलो आले तर गाडी अजून 4 सेंमी बसेल. त्याखाली खड्ड्यासाठी जागा हवी, आणि सगळ्यात शेवटी रबराचा बंप स्टॉप.

स्प्रिंग तिरकी लावली तर तिचा जोर कमी होतो, आणि तोही कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात. उभ्यापासून 20 अंश कलली तर 88 टक्के उरतो, 45 अंश कलली तर निम्माच. दिसायला झकास म्हणून शॉकअप आडवे पाडणाऱ्यांनी हा आकडा वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

खरा धोका कुठे?

ब्रेक दाबला की काय होतं बघा. चाकाची त्रिज्या 300 मिमी, खालचे दांडे जमिनीपासून 200 मिमीवर, वरचा 500 मिमीवर. मागच्या दोन्ही चाकांना मिळून जमिनीने 3,450 न्यूटनने मागे ओढलं असं धरा. खालच्या दांड्यांभोवती मोमेंट घ्या: 3,450 गुणिले 200, भागिले 300. वरच्या एकट्या दांड्यावर 2,300 न्यूटनचा दाब येतो, आणि खालच्या दोघांत मिळून 5,750 न्यूटनचा ताण. म्हणजे जमिनीच्या ओढीपेक्षा दांड्यांवरचं बळ जास्त! वरचा दांडा खालच्यांच्या जितका जवळ, तितकं हे बळ वाढतं.

त्यातून गंमत अशी, की ॲक्सिलरेटर दिला की हेच बळ उलटतं. जिथे दाब होता तिथे ताण. ब्रेक, रेस, ब्रेक, रेस. तार मागे-पुढे वाकवून तोडतो ना आपण, तसंच. याचंच नाव फटीग. वेल्डिंग पहिल्या दिवशी तुटत नाही. हजारो फेऱ्यांनंतर, सगळं छान चाललंय असं वाटत असताना तुटतं. खालचा दांडा सुटला की ॲक्सल तिरका होतो आणि गाडी मागून वळायला लागते. स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो.

म्हणून ब्रॅकेट दुहेरी करा, दांडा मध्ये आणि पत्रा दोन्ही बाजूंना. पत्र्याला गसेट द्या. बोल्ट 8.8 ग्रेडचे, नट नायलॉकचे, आणि बोल्टचे आटे ब्रॅकेटच्या भोकात येता कामा नयेत. रंगाखाली चीर लपते, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर जोड पुसून बघा.

आधी खोटं, मग खरं

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या मूळ नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. अशी गाडी होटगी रोडवर उसाच्या ट्रॉल्यांमधून काढायची नाही. हौस भागवायला 2007 पासून बाजासारख्या स्पर्धा आहेत, बंद मैदानं आहेत.

आणि शेवटचं, सगळ्यात कामाचं. कटर हातात घ्यायच्या आधी दांडे लाकडी पट्ट्यांचे करा. ब्रॅकेट नुसते टाक मारून लावा. स्प्रिंग न लावता जॅकवर ॲक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली, मग एकच बाजू वर, असा फिरवा. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस अडकतो का, स्लिप जॉइंट बाहेर येतो का, टायर चासीला घासतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का, ते कागदावर लिहा. सगळ्यांपुढे ‘नाही’ आलं, की मगच पक्कं वेल्डिंग. ते मात्र हात बसलेल्या वेल्डरकडून करून घ्या, कारण त्या सीटवर आपलाच कोणीतरी रूममेट बसणार आहे.