लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीचं गिअर ऑइल : बदलावं की राहू द्यावं?

मागच्या व्याख्यानात आपण इंजिन ऑइल पाहिलं. आज गिअरबॉक्सकडे वळू. एमएच ४३ किंवा एमएच ४६ पाटीच्या, दहा-बारा वर्षं वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता आपल्याकडे भरपूर आहेत. त्यातल्या बऱ्याच सेकंडहँड घेतलेल्या. त्यांच्या मालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "दीड लाख किलोमीटर झाले, गिअर ऑइल एकदाही बदललेलं नाही. मेकॅनिक म्हणतो, आता हात लावू नका, लावलात तर गिअरबॉक्स जाईल. खरं आहे का?" चुकीचं उत्तर महागात पडतं. ऑइलचा खर्च काही हजारांचा असतो, गिअरबॉक्स उघडावा लागला तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा वाटा त्यात जातो.

आधी हे ऑइल करतं काय ते बघू. साध्या, क्लच-पेडलच्या गाडीत गिअर ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. दाते एकमेकांवर घासू नयेत, एवढंच. ऑटोमॅटिकमध्ये मात्र त्याच्याकडे चार नोकऱ्या असतात. पहिली, ताकद पोचवणं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच होतं, फक्त वाऱ्याच्या जागी ऑइल असतं. दुसरी, दाब देणं : गिअर बदलताना आतल्या क्लच प्लेटा ऑइलच्या दाबानं आवळल्या जातात. तिसरी, उष्णता वाहून नेणं. चौथी वंगणाची. म्हणून इथे ऑइल हा यंत्राचा चालता भागच समजायचा.

आता आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं खपतात, हे लक्षात घ्या. टॉर्क कन्व्हर्टरवाली, पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी, दोन क्लचची डीसीटी, आणि एएमटी. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडे रुळलेली एएमटी म्हणजे मुळात साधाच गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर हलवायला यंत्राचा हात बसवलेला. तिला साध्या गिअरबॉक्सचं ऑइल लागतं, आणि जिथे तो हात हायड्रॉलिक असतो तिथे त्याचं ऑइल वेगळं. सीव्हीटीत साधं एटीएफ ओतलं तर पट्ट्याला लागणारी पकड मिळत नाही आणि तो घसरून खराब होतो. म्हणून डब्यावर 'ऑटोमॅटिक' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. मॅन्युअलमध्ये दिलेला दर्जा अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. साध्या गाडीतही हाच नियम. जीएल-४ सांगितलं असताना जीएल-५ ओतलं, तर त्यातली काही रसायनं सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

ऑइल म्हातारं का होतं? उष्णतेमुळे. तापलं की हवेशी संयोग होऊन ते काळवंडतं, पातळपणा-घट्टपणा बिघडतो, आणि प्लेटांना नेमकी पकड देणारी रसायनं खर्ची पडतात. कंपन्या ज्याला 'कठीण वापर' म्हणतात तो परदेशी वाचकाला अपवाद वाटेल, आपली ती रोजची वाट आहे. सायन-पनवेल रस्त्यावर संध्याकाळी पावला-पावलानं सरकणं, मे महिन्याचं ऊन, एसी चालू, आणि सुट्टीला भरल्या गाडीनं बोरघाट. 'आयुष्यभर ऑइल बदलायची गरज नाही' हे वाक्यही जपून वाचा. आयुष्य कुणाचं? गिअरबॉक्सचं आयुष्यच ऑइलवर ठरत असेल, तर त्या वाक्यानं काहीच सांगितलेलं नाही.

आता त्या भीतीकडे येऊ. ऑइल बदललं आणि महिन्याभरात गिअरबॉक्स गेला, असे किस्से खोटे नसतात. पण क्रम तपासा. लोक ऑइल कधी बदलतात? गाडी झटके देऊ लागली, रेस वाढते पण गाडी उचलत नाही, असं झाल्यावर. म्हणजे प्लेटा आधीच झिजलेल्या असतात. झिजलेली प्लेट नव्या ऑइलनं भरून येत नाही. ती जाणारच होती, ठपका मात्र ऑइलवर बसतो. दुसरं कारण खरंखुरं आहे : मशीन लावून दाबानं फ्लश करणं. वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ त्यानं उठतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. दोष पद्धतीचा असतो.

मग करायचं काय? गाडी नीट चालत असेल, तर बदला, पण सावकाश. नट सोडून जेवढं आपोआप निथळेल तेवढंच काढायचं. समजा एकूण ८ लिटर आहे आणि ४ लिटर निघालं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. एकदा बदलल्यावर निम्मं नवं. थोडे दिवस चालवून पुन्हा बदललं की पाऊण, तिसऱ्यांदा सात-अष्टमांश. पंप-गाळणी बदलण्यासारखी असेल तर त्याच वेळी बदला.

गॅरेजमध्ये तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक : भरायचा नट आधी उघडून बघायला सांगा. तो अडकला आणि खालून ऑइल निघून गेलं, तर गाडी जागेवरच बसते. दोन : नटाच्या किंवा चेंबरच्या चुंबकावर करडा, मऊ लेप असणं स्वाभाविक आहे, टोचणारे धातूचे तुकडे दिसले तर दुखणं ऑइलच्या पलीकडचं आहे. तीन : पातळी मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच मोजायची. ऑइल तापलं की फुगतं, त्यामुळे थंडपणी मोजलेली पातळी फसवते. कमी पडलं तर दाब पडतो, जास्त झालं तर फेस होतो.

आणि काढलेलं ऑइल? वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवं. आपल्याकडचे नाले खाडीला मिळतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे. गॅरेजवाल्याला 'हे कुठे देता?' एवढं विचारायला काही हरकत नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : ऑइलचा रंग बघून कळतं का?
उत्तर : अर्धवट. नवं एटीएफ बहुधा लाल असतं, पण सगळ्यांचं नाही, आणि तो रंग मुद्दाम घातलेला असतो. रंगापेक्षा वासावर जास्त भरवसा ठेवा. जळका वास आला तर प्लेटा तापल्या आहेत. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट शिरलंय. मग गाडी चालवूच नका.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी पाण्यात उभी होती, पण सुरू होते आहे.
उत्तर : गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते. पाणी तिच्या वर चढलं असेल तर ते आत जाऊ शकतं. अशा वेळी किलोमीटर मोजत बसू नका, आधी ऑइल तपासा.

थोडक्यात : गाडी ठीक चालत असेल तर योग्य दर्जाचं ऑइल, दाब न देता, टप्प्याटप्प्यानं बदला. गाडी आधीच घसरत असेल तर ऑइलवर पैसे घालण्यापूर्वी निदान करून घ्या. आणि सेकंडहँड गाडी घेताना सर्व्हिसच्या नोंदीत हा एक रकाना जरूर शोधा. पुढच्या वेळी ब्रेक ऑइल.