राहून काय कळते?

भाताची रोपे दोरी धरून ओळीत लावली तर उत्पन्न वाढते, हे कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. चारसूत्री पद्धतीत १५ व २५ सेंटिमीटर अंतर आलटून पालटून ठेवतात आणि चार चुडांच्या मधोमध खताची गोळी खोचतात. तरीही रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक खाचरांत लावणी अंदाजानेच होते. असे का? ‘शेतकऱ्यांना समजत नाही’ हे उत्तर वर्गात बसून देता येते. चिखलात दिवसभर ओणवे राहिलेल्या मुलाला मात्र इतर गोष्टी दिसू लागतात. घरातले तरुण मुंबईला, मजूर मिळत नाही, चिखलणीनंतर पावसाने ओढ दिली की माती बसते, आणि दर ओळीला दोरी सरकवण्यात वेळ जातो. शेतकऱ्याला समजत असते. त्याचा हिशेब वेगळा असतो.

हा हिशेब कळायला गावात राहावे लागते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या रंधावा समितीने १९९२ मध्ये ग्रामीण कार्यानुभवाची शिफारस केली. विद्यार्थी त्याला ‘रावे’ म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे विद्यार्थीही शेवटच्या वर्षी यासाठी गावात मुक्काम करतात, शेतकऱ्याबरोबर काम करतात. (त्याला गुण असतात, हेही एक कारण आहेच!) गावकऱ्यांना सोबत घेऊन अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढणे हा त्यातला आम्हांला सर्वांत आवडणारा भाग. पुरुष पुष्कळदा रस्ता, देऊळ, शाळा आधी दाखवतात. बायकांच्या हाती रांगोळी दिली की विहिरी उमटतात, आणि कोणती विहीर केव्हा आटते तेही कळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपून आणि तीव्र उतारावरून वाहून जाते, हे पुस्तकात असते. हंडा कोण आणि किती वेळा वाहते, हे नसते.

दुसऱ्याची कीव येणे ही सहानुभूती. त्याची बाजू त्याच्या जागेवरून कळणे ही समानुभूती. ‘स्वतःला त्याच्या जागी कल्पून पाहा’ असे आपण शिक्षक मुलांना नेहमी सांगतो. त्याने खरेच कळते का? एयाल, स्टेफेल आणि एप्ले यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसत्या कल्पनेने दुसऱ्याच्या मनाचा अंदाज अधिक अचूक झाला नाही. आपण बरोबर आहोत हा विश्वास मात्र काही वेळा वाढला. अचूकता वाढली ती त्या व्यक्तीलाच विचारल्यावर. म्हणजे मुक्कामाचा उपयोग तिथे झोपण्यात कमी आणि विचारायची संधी मिळण्यात जास्त!

पण विचारणाऱ्याचे स्थानही पाहावे लागते. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली म्हटले होते की दोन गटांतले पूर्वग्रह कमी व्हायला समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा पोषक ठरतो. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू व ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह बहुधा घटतात, आणि या अटी असल्या तर अधिक, असे त्यांना आढळले. वही घेऊन सल्ला द्यायला आलेला विद्यार्थी आणि सल्ला ऐकणारा शेतकरी यांत समान दर्जा कुठला? तोच विद्यार्थी लावणीत मागे पडला आणि शेजारच्या आजीने त्याच्या चुडाची रोपे मोजून कमी केली, की तराजू थोडा सरळ होतो. दोन दिवसांच्या ‘ग्रामदर्शन’ सहलींबद्दल आम्ही साशंक आहोत ते यामुळेच. तिथे मुले पाहुणी असतात, आणि पाहुण्याला कोणी अडचण सांगत नाही.

नववीची मुले नेणार असाल तर एक सोपा प्रयोग करता येईल. निघण्यापूर्वी प्रत्येकाने लिहून ठेवावे : ज्या घरी मी राहणार, त्यांना सर्वांत मोठी अडचण कोणती वाटत असेल? मग आठवडाभर त्यांच्याबरोबर काम करून त्यांनाच विचारावे आणि दोन्ही उत्तरे शेजारी मांडावीत. यजमानांनाही विचारावे की या मुलांविषयी तुमचा आधी काय समज होता. मात्र हे पहिल्या रात्री नको. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी विचारावे. तोवर थोडी ओळख झालेली असते.