जाणणारे होते, ऐकणारे नव्हते

स्मरणिकेच्या पानांवर सहसा यशाच्या नोंदी असतात. शाळेचा निकाल किती लागला, कोणाची कोणत्या पदावर निवड झाली, कोणती इमारत उभी राहिली, हे सारे त्यांत येते. त्या नोंदी हव्यातच. परंतु इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांकडून पराभवाची कारणे पाठ करून घेतो, तेव्हा एक प्रश्न नेहमी विचारायचा राहून जातो. संकट येण्यापूर्वी ते कोणाला दिसले होते काय? दिसले असेल, तर त्या माणसाचे पुढे काय झाले? अभियांत्रिकी, उद्योग आणि राजकारण या क्षेत्रांतील तीन मोठी अपयशे प्रस्तुत लेखात याच एका प्रश्नाने तपासून पाहू.

पहिले उदाहरण अमेरिकेचे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान फ्लोरिडातून झेपावले आणि अवघ्या ७३ सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ या शालेय शिक्षिका होत्या. त्या अवकाशातून मुलांना पाठ देणार होत्या, म्हणून देशभरातील शाळांमधून विद्यार्थी ते उड्डाण दूरचित्रवाणीवर पाहत होते. अपघाताचे मूळ निघाले एका रबरी कड्यात. इंधनाच्या अग्निबाणाचे भाग जेथे जोडले जातात, तेथील सांधा हे कडे बंद ठेवी. थंडीत रबर कडक होते, चटकन फुगून फट बुजवत नाही, आणि तप्त वायू बाहेर पडतो. चौकशी आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून हे सर्वांसमक्ष दाखवले.

परंतु हे अपघातानंतर कळले असे नाही. अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीतील अभियंता रॉजर बॉइजोली यांनी जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवरील बैठकीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उड्डाण पुढे ढकलण्याचा आग्रह धरला. पूर्वीचे सर्वांत थंड उड्डाण सुमारे १२ अंश सेल्सिअसला झाले होते. त्या सकाळी तापमान जेमतेम २ अंशांवर होते. उड्डाण आधीच अनेकदा लांबले होते. अखेर व्यवस्थापकांनी अभियंत्यांचे म्हणणे बाजूला सारून संमती दिली. १७ वर्षांनी, १ फेब्रुवारी २००३ रोजी, ‘कोलंबिया’ यान परतीच्या वाटेवर नष्ट झाले. त्यात हरियाणातील कर्नालच्या कल्पना चावला होत्या. तेव्हाही यानाच्या पंखावर झालेल्या आघाताची छायाचित्रे मिळवावीत, अशी मागणी अभियंत्यांनी केली होती. ती पुढे सरकलीच नाही.

दुसरे उदाहरण उद्योगाचे. छायाचित्रण म्हणजे ‘कोडॅक’ असे समीकरण जगभर रूढ होते. १९७५ साली याच कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा तयार केला. एक चित्र कॅसेटवर नोंदवायला त्यास २३ सेकंद लागत, आणि ते चित्र दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसे. वरिष्ठांनी तो पाहिला, पण त्यांना उत्साह वाटला नाही. कंपनीची मिळकत फिल्म, कागद आणि रसायने यांवर उभी होती. फिल्मच नको म्हणणारे यंत्र त्यांना आपल्याच पायावरील धोंडा वाटले. पुढे कोडॅकनेही डिजिटल कॅमेरे विकले, पण जुन्या नफ्याची ओढ सुटली नाही. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले.

तिसरे उदाहरण सर्वांत भीषण आहे. १९५८ साली चीनमध्ये माओ त्से तुंग यांनी ‘मोठी झेप’ जाहीर केली. शेते सामुदायिक झाली. गावोगावच्या भट्ट्यांत शेतकऱ्यांची भांडी आणि अवजारे वितळवून निकामी लोखंड काढले गेले. वरिष्ठांना खूश करण्यासाठी स्थानिक अधिकारी पिकाचे आकडे फुगवून कळवीत आणि सरकार त्या आकड्यांप्रमाणे धान्य उचलून नेई. खेड्यात खाण्यापुरतेही उरेना. संरक्षणमंत्री पेंग दहुआई स्वतः गरीब शेतकरी कुटुंबातले. खेडी पाहून आल्यावर, जुलै १९५९ मध्ये लुशान येथील बैठकीच्या वेळी त्यांनी माओंना खासगी पत्र लिहिले. माओंनी ते पत्र सर्वांना वाटले, पेंग यांना पक्षविरोधी ठरवले आणि पदावरून दूर केले. त्यानंतर खरे बोलण्यास कोण धजणार? त्या दुष्काळातील बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

तिन्ही ठिकाणी अज्ञान हे कारण नव्हते. जाणणारा माणूस घरातच होता आणि तो बोललाही होता. एके ठिकाणी वेळापत्रक आडवे आले, दुसऱ्या ठिकाणी नफा, तिसऱ्या ठिकाणी भक्ती. राजकारणातील भक्ती अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. अमर्त्य सेन यांनीही दाखवून दिले आहे की, जेथे निवडणुका होतात आणि वृत्तपत्रे मोकळेपणी लिहितात, तेथे असा महादुष्काळ पडत नाही. कारण उपाशी माणसाची हाक दडपता येत नाही.

हे सारे लिहिताना आम्हांस आमचाच वर्ग आठवतो. एकदा आम्ही फळ्यावर पुणे कराराचे वर्ष १९३२ ऐवजी १९३१ लिहिले. सगळ्या वर्गाने ते मुकाट्याने वहीत उतरवले. शेवटच्या बाकावरील एका मुलाला चूक कळली होती, पण ‘सर रागावतील’ म्हणून तो गप्प राहिला. हे त्याने आम्हांला माजी विद्यार्थी मेळाव्यात, पुष्कळ वर्षांनी हसत हसत सांगितले. आम्हांला मात्र हसू आले नाही. चूक वर्षाची होती, ती दुरुस्त होते. पण त्या मुलाला गप्प बसायला आम्हीच शिकवले होते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांनो, तुम्हांला एवढेच सांगणे आहे. तुमच्यापैकी कोणी आज बांधकाम खात्यात आहे, कोणी रुग्णालयात, कोणी बँकेत, कोणी स्वतःच्या दुकानात. तुमच्या हाताखालच्या सर्वांत लहान माणसाने ‘साहेब, हे चुकते आहे’ असे तुम्हांला शेवटचे कधी सांगितले, ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर तुमच्या हातून चुका होत नाहीत असा त्याचा अर्थ घेऊ नका. आणि पालकहो, घरी मूल चूक दाखवील तेव्हा त्यास उद्धट म्हणण्यापूर्वी त्याचे म्हणणे तपासा. आम्हीही आता फळ्यावर लिहून झाले की वर्गाकडे वळून विचारतो, “काही चुकले का?” पहिले काही दिवस कोणी बोलत नाही. मग एक हात वर येतो.